पहिलं महायुद्ध का पेटलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाच्या तासाला १९१४ साल आलं की यातले बहुतेक प्रश्न हमखास येतात. स्पर्धा परीक्षेची मुलं तर वही उघडूनच बसतात. लढायांकडे इथे फारसा वळलेलो नाही. २८ जून ते ४ ऑगस्ट या ३७ दिवसांत कुणी काय ठरवलं आणि ते ठरवताना त्यांच्या मनात आधीचं काय साचलेलं होतं, एवढाच विषय. माझा कल आधीच सांगून टाकतो: हे युद्ध आपोआप पेटलं, असं मला वाटत नाही.

एका युवराजाच्या खुनावरून जगभर युद्ध कसं काय पेटू शकतं?

ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याचा बोस्नियातल्या साराजेव्होत खून झाला २८ जूनला आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला. हा मधला महिना धड्यात दोन ओळींत उरकतात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड व्हिएन्नाच्या दरबारात लाडका नव्हता. त्याची पत्नी सोफी राजघराण्याच्या तोलामोलाची नाही म्हणून त्यांच्या मुलांना गादीचा हक्क नाकारलेला होता, आणि दोघांचा अंत्यविधीही बेताचाच झाला. दरबारातल्या काहींना तर सुंठीवाचून खोकला गेला असंच वाटलं असावं. मात्र सर्बियाशी युद्ध नको, त्यात रशिया उतरेल, असं ठामपणे सांगणारा वजनदार माणूस तोच होता. त्याच्या विरुद्ध टोकाला सरसेनापती कॉनराड. त्याने एकट्या १९१३ सालात वीसहून अधिक वेळा सर्बियावर चढाई करा असा आग्रह धरला होता. म्हणजे साराजेव्होत युद्धाला निमित्त मिळालं आणि युद्धाला आवर घालणारा माणूसही त्याच गोळीने गेला.

मारेकरी प्रिन्सिप सँडविच घ्यायला थांबला होता, म्हणून त्याला संधी मिळाली, हे खरं का?

नाही. त्या काळच्या साक्षीपुराव्यात सँडविचचा पत्ताच नाही. घडलं ते असं: सकाळी चाब्रिनोविच नावाच्या साथीदाराने बॉम्ब टाकला. तो युवराजाच्या मोटारीवरून घसरला आणि मागच्या मोटारीतले अधिकारी जखमी झाले. नगरभवनातला सत्कार आटोपल्यावर युवराजाने जखमींना भेटायला इस्पितळात जायचं ठरवलं. रस्ता बदलल्याचं चालकाला कुणी सांगितलंच नाही. लॅटिन पुलापाशी तो जुन्याच मार्गाने वळला, मग चूक कळून गाडी थांबवली, आणि समोरच १९ वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. वीस वर्षं पूर्ण नसल्याने कायद्याप्रमाणे त्याला फाशी देता आली नाही. एप्रिल १९१८ मध्ये तो तुरुंगात क्षयाने मेला, तेव्हा युद्ध चालूच होतं.

यात सर्बियाच्या सरकारचा हात होता का?

सरकारचा म्हणण्यापेक्षा सरकारातल्या एका माणसाचा. ‘एपिस’ या टोपणनावाने ओळखला जाणारा कर्नल द्रागुतिन दिमित्रियेविच सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख होता आणि ‘ब्लॅक हँड’ या गुप्त संघटनेचाही म्होरक्या होता. पोरांना शस्त्रं मिळाली ती त्याच्या माणसांकडून, आणि सीमा ओलांडायला मदतही त्यांचीच. पंतप्रधान पाशिच आणि एपिस यांचं मुळीच पटत नव्हतं. पाशिचच्या कानावर काहीतरी आलं होतं, पण व्हिएन्नाला स्पष्ट शब्दांत सावध केलं गेलं नाही.

ऑस्ट्रियाने आपला अधिकारी वीसनर याला चौकशीसाठी साराजेव्होला पाठवलं होतं. १३ जुलैला त्याने कळवलं की खुद्द सर्बियन सरकार कटात सामील असल्याचा पुरावा मिळत नाही. दहा दिवसांनी सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला तो गेलाच. एपिसला पुढे १९१७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्या घालणारं सरकार सर्बियाचंच होतं.

एवढ्याशा सर्बियावर एवढ्या मोठ्या साम्राज्याचा इतका राग का?

इथे जरा मागे जावं लागतं. १९०३ पर्यंत सर्बियाचं राजघराणं व्हिएन्नाच्या कलाने चालणारं होतं. त्या साली लष्करी अधिकाऱ्यांनी राजा अलेक्झांडर आणि राणी द्रागा यांना महालात घुसून मारलं. एपिस त्या कटातही होता. नवं घराणं रशियाकडे झुकणारं निघालं. मग १९०६ पासून ऑस्ट्रियाने सर्बियाच्या डुकरांची आयात अडवली. शेतकऱ्यांच्या त्या देशाची ती मुख्य निर्यात होती. सर्बियाने दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या आणि नाक दाबलं तरी तोंड उघडलं नाही.

खरा घाव १९०८ चा. बोस्निया कागदोपत्री तुर्की सुलतानाचा होता, पण १८७८ च्या बर्लिन परिषदेपासून तिथला कारभार ऑस्ट्रिया पाहत होता. ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने तो सरळ खालसा केला. तिथे सर्बांची मोठी वस्ती होती आणि बेलग्रेडचा त्या प्रदेशावर डोळा होता. रशियाचा परराष्ट्रमंत्री इझ्वोल्स्की याने आधी आतून होकार दिला होता, कारण बदल्यात आपल्या लढाऊ जहाजांना काळ्या समुद्रातून बाहेर पडायची वाट मिळेल असा त्याचा हिशेब. ती वाट मिळाली नाही आणि गडी तोंडघशी पडला. मार्च १९०९ मध्ये जर्मनीने रशियाला दमात घेऊन हे खालसाकरण मान्य करायला लावलं. जपानकडून १९०५ मध्ये मार खाल्लेल्या रशियाला दुसरा इलाज नव्हता. ‘पुन्हा अशी वेळ येऊ द्यायची नाही’ ही गाठ रशियाच्या राजधानीत, पीटर्सबर्गमध्ये, तेव्हा बांधली गेली. १९१४ चा रशिया समजून घ्यायचा तर हा अपमान विसरून चालत नाही.

त्यानंतर १९१२-१३ ची बाल्कन युद्धं. त्यात सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. ऑक्टोबर १९१३ मध्ये ऑस्ट्रियाने आठ दिवसांची मुदत देऊन सर्बियाला अल्बानियातून सैन्य मागे घ्यायला लावलं आणि सर्बियाने ते घेतलं. व्हिएन्नाने यातून धडा घेतला तो असा की परिषदा वगैरे फोल, दम दिला की काम होतं.

‘कोरा चेक’ कुणी कुणाला दिला?

जर्मनीने ऑस्ट्रियाला. ५ जुलैला पॉट्सडॅममध्ये ऑस्ट्रियाचा राजदूत जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मकडे जेवायला होता. तुम्ही सर्बियाचं काय करायचं ते करा, रशिया आडवा आला तरी आम्ही पाठीशी आहोत, असा शब्द कैसरने दिला. दुसऱ्या दिवशी चॅन्सलर बेथमान-हॉलवेगने त्याला अधिकृत दुजोरा दिला आणि कैसर आपल्या नौकेतून नॉर्वेच्या सहलीला निघून गेला.

काय करणार आहात, कधी करणार आहात, कुठे थांबणार आहात, हे बर्लिनने विचारलंच नाही. पत्र्याच्या डब्यात सोनं ठेवून किल्ली शेजाऱ्याला द्यावी, तसा प्रकार. बेथमानला वाटत होतं की काम झटपट उरकलं तर रशिया हात चोळत बसेल. आणि नाहीच बसला, तर रशियाच्या सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७ मध्ये पुरा होण्याआधी युद्ध झालेलं बरं, असं जर्मन सेनापतींचं मत होतंच. ‘आज ना उद्या होणारच आहे, तर आजच होऊ दे’ हा विचार त्या उन्हाळ्यात बऱ्याच राजधान्यांत होता, बर्लिनमध्ये सर्वांत जास्त.

झटपट उरकायचं होतं, तर अडीच आठवडे वाया का घालवले?

कारणं ऐकून हसावं की रडावं कळत नाही. हंगेरीचा पंतप्रधान टिसा १४ जुलैपर्यंत तयार नव्हता. सैन्यातले बरेच जवान सुगीसाठी रजेवर घरी गेले होते. आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉइंकारे २० ते २३ जुलै रशियात पाहुणे होते. खलिता त्या काळात गेला असता तर झार आणि पॉइंकारे यांनी शेजारी बसूनच उत्तर ठरवलं असतं. म्हणून पॉइंकारेंचं जहाज निघायची वाट पाहिली गेली. २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता खलिता बेलग्रेडला पोचवला. मुदत ४८ तासांची.

तोवर युरोपचा राग निवला होता. खुनानंतर आठवडाभरात ऑस्ट्रिया सर्बियावर चालून गेली असती तर तिच्याविषयी सहानुभूती होती. चार आठवड्यांनी ती दांडगाई दिसली.

निर्वाणीच्या खलित्यात असं काय होतं?

दहा मागण्या: ऑस्ट्रियाविरोधी वृत्तपत्रं आणि संघटना बंद करा, शिक्षक-अधिकारी बडतर्फ करा, ठरावीक माणसांना अटक करा वगैरे. कळीची सहावी मागणी अशी की सर्बियाच्या भूमीवर होणाऱ्या न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी भाग घेतील. सर्बियाने बहुतेक मागण्या नरमाईने, काही शब्दांचा खेळ करून, मान्य केल्या. सहावी मात्र राज्यघटनेच्या आड येते म्हणून नाकारली.

२५ तारखेला सहाच्या ठोक्याआधी पाशिचने उत्तर स्वतः नेऊन दिलं. ऑस्ट्रियाचा तिथला राजदूत बॅरन गीस्ल याने ते वरवर चाळलं आणि साडेसहाच्या गाडीने बेलग्रेड सोडलं. सामान आधीच बांधून ठेवलेलं होतं. उत्तर वाचायचं नव्हतंच.

सहलीवरून परतलेल्या कैसरने २८ जुलैच्या सकाळी ते उत्तर वाचलं आणि युद्धाचं कारणच उरलं नाही असा शेरा मारला. ऑस्ट्रियाने बेलग्रेड घेऊन तिथेच थांबावं आणि बोलणी करावीत, असं त्याने सुचवलं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं. गंमत पाहा: सैन्य १२ ऑगस्टच्या आसपास तयार होईल असं कॉनराड सांगत होता. तरी परराष्ट्रमंत्री बेर्ख्टोल्डला घोषणेची घाई, कारण उशीर झाला तर कुणीतरी मध्यस्थी करेल ही त्याला भीती.

करारांच्या साखळीमुळे एकामागोमाग एक देश ओढले गेले, हे बरोबर ना?

पाठ्यपुस्तकातलं सर्वांत लाडकं उत्तर हेच, आणि माझं त्याच्याशी सर्वांत जास्त भांडण आहे.

करार होते हे खरं. जर्मनी आणि ऑस्ट्रिया १८७९, त्यात इटली १८८२. जर्मनीने १८९० मध्ये रशियाबरोबरचा गुप्त करार पुढे चालवला नाही, आणि १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सच्या गोटात गेला. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुनी भांडणं मिटवली. नकाशावर दोन गट स्वच्छ दिसतात.

आता तपशील पाहा. इटली जर्मनी-ऑस्ट्रियाची करारबद्ध मित्र होती. करार बचावापुरता आहे म्हणून तिने तटस्थता जाहीर केली आणि मे १९१५ मध्ये उलट बाजूने उतरली. रुमानियाही गुप्त करारानं बांधलेली होती. ती १९१६ मध्ये विरुद्ध पक्षातच गेली. सर्बियाच्या मदतीला धावण्याची लेखी सक्ती रशियावर नव्हती. फ्रान्ससाठी लढण्याची लेखी सक्ती ब्रिटनवर नव्हती. आणि ज्या ऑस्ट्रियासाठी जर्मनीने १ ऑगस्टला रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, त्या ऑस्ट्रियाने स्वतः रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ६ ऑगस्टला, पाच दिवसांनी! साखळी म्हणावी तर अर्ध्या कड्या उघड्याच होत्या. ज्यांना उतरायचं होतं त्यांनी करार पुढे केला, ज्यांना नव्हतं त्यांनी त्यातलं कलम शोधलं.

करारांनी केलं ते वेगळंच. आपल्या मित्राला सोडलं तर आपण एकटे पडू, ही भीती त्यांनी प्रत्येकाच्या पोटात घातली. जर्मनीला एकच भरवशाचा मित्र उरला होता. रशिया गेला तर फ्रान्स एकाकी. त्यामुळे मित्राला आवरायला कुणी धजेना.

ब्रिटनचा जॉर्ज, जर्मनीचा विल्हेल्म आणि रशियाचा निकोलस हे एकमेकांचे चुलतभाऊ होते ना? मग त्यांनी थांबवलं का नाही?

चुलतभाऊ हे इंग्रजीवरून उचललेलं भाषांतर. आपल्या भाषेत नाती नीट सांगता येतात, तर सांगावीत. विल्हेल्मची आई म्हणजे पाचव्या जॉर्जची आत्या, तेव्हा ते दोघे आतेभाऊ-मामेभाऊ. जॉर्ज आणि झार निकोलस यांच्या आया सख्ख्या बहिणी, म्हणजे ते मावसभाऊ. आणि झारची बायको विल्हेल्मची मावसबहीण, म्हणून झार त्याचा मेहुणा.

‘विली’ आणि ‘निकी’ यांच्यात २९ जुलैपासून इंग्रजीत तारा सुरू झाल्या. हा तंटा हेगच्या लवादाकडे द्यावा असं झारने सुचवलंही. जर्मनीकडून प्रतिसाद आला नाही. विल्हेल्मची तार आल्यावर झारने सैन्याच्या पूर्ण जमवाजमवीचा हुकूम त्या रात्री मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री सझोनोवने त्याचं मन वळवलं आणि हुकूम पुन्हा निघाला.

जमवाजमव म्हणजे युद्ध थोडंच?

रशियासाठी नव्हतं. त्यांचं सैन्य सीमेवर आठवडेच्या आठवडे उभं राहू शकत होतं. जर्मनीसाठी मात्र जमवाजमव आणि युद्ध यांत फरकच ठेवलेला नव्हता. रशिया अवाढव्य, त्याला सैन्य गोळा करायला वेळ लागतो. तेवढ्यात फ्रान्सचा फडशा पाडायचा आणि मग पूर्वेकडे वळायचं, ही जर्मनीचा आधीचा सरसेनापती श्लीफेन याच्या काळापासूनची योजना. म्हणून रशियाने जमवाजमव सुरू करताच जर्मनीचं घड्याळ सुरू झालं.

१ ऑगस्टला लंडनहून चुकीच्या समजुतीची एक तार आली: फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहतील. कैसर खूश होऊन सेनापती मोल्टकेला म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेकडे न्या. मोल्टकेने सांगितलं, जमणार नाही, आगगाड्यांची वेळापत्रकं वर्षभर खपून केलेली आहेत. सम्राटाच्या हातात धोरण होतं. सेनापतीच्या हातात एकच योजना होती, आणि चालली ती योजनाच.

बेल्जियमचा काय संबंध?

रस्त्यात होता, एवढाच. फ्रान्सची सीमा किल्ल्यांनी भरलेली, म्हणून वळसा बेल्जियममधून. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात प्रशियानेही दिलेली होती. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य आत घुसलं. ‘एका कागदाच्या चिटोऱ्यासाठी’ ब्रिटन युद्ध करणार का, असं बेथमान त्या संध्याकाळी ब्रिटिश राजदूताला म्हणाला. ते वाक्य जर्मनीला पुढची चार वर्षं चिकटून राहिलं.

म्हणजे ब्रिटन बेल्जियमसाठीच उतरलं?

लोकांना सांगायला ते कारण उत्तम होतं आणि खोटंही नव्हतं. पण परराष्ट्रमंत्री ग्रे याने १९०६ पासून फ्रान्सशी लष्करी बोलणी चालू दिली होती, आणि बऱ्याच मंत्र्यांना त्याचा पत्ता १९११ पर्यंत नव्हता. १९१२ मध्ये फ्रान्सने आपलं आरमार भूमध्य समुद्रात एकवटलं, उत्तरेचा किनारा ब्रिटनच्या भरवशावर टाकून. त्यात जर्मनीच्या आरमाराचा प्रमुख टिर्पिट्झ याची १८९८ पासूनची आरमारवाढ. जमिनीवरच्या बलाढ्य जर्मनीने समुद्रावरही हात पसरावा, हे लंडनला कधीच चालणार नव्हतं.

ग्रेवर माझा आक्षेप वेगळा आहे. आपण लढू की नाही हे त्याने शेवटपर्यंत मोघम ठेवलं. मंत्रिमंडळ फुटलेलं होतं, दोन मंत्र्यांनी राजीनामेही दिले, ही त्याची अडचण मान्य. पण त्यामुळे बर्लिनला वाटलं ब्रिटन येणार नाही आणि पॅरिसला वाटलं येईल.

वसाहतींची स्पर्धा हे कारण नव्हतं का?

होतं, पण लोक समजतात तसं सरळ नाही. मोरोक्कोवरून १९०५ आणि १९११ मध्ये जर्मनीने फ्रान्सला डिवचलं, आणि दोन्ही वेळा परिणाम एवढाच की ब्रिटन आणि फ्रान्स आणखी जवळ आले. दुसरीकडे, वसाहतींवरून खरं हाडवैर होतं ते ब्रिटन-फ्रान्स आणि ब्रिटन-रशिया यांच्यात, आणि ते तर एका बाजूने लढले. १९०७ चा ब्रिटन-रशिया करार मुळात हिंदुस्थानच्या वेशीसाठी होता: इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट.

दोष शेवटी कुणाचा?

व्हर्सायच्या तहातल्या २३१ व्या कलमाने जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकली. नंतर ‘सगळेच घसरत गेले’ असं म्हणायची पद्धत पडली. १९६१ मध्ये खुद्द जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर याने बर्लिनच्या विस्ताराच्या हेतूंवर पुन्हा बोट ठेवलं आणि त्याच्या देशात गदारोळ उठला. वाद मिटलेला नाही. मला विचाराल तर पहिला मान व्हिएन्नाचा, तिला शब्द देणाऱ्या बर्लिनचा तिच्या बरोबरीचा, आणि मग पीटर्सबर्गचा. बाकीच्यांची पापं लहान.

हिंदुस्थानला कुणी विचारलं होतं का?

नाही. ब्रिटनच्या राजाने युद्ध पुकारलं म्हणजे हिंदुस्थान युद्धात, असा हिशेब. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले ते जून १९१४ च्या मध्यावर, साराजेव्होच्या जेमतेम बारा दिवस आधी. ऑगस्टअखेर त्यांनी सरकारला मदत करण्याचं जाहीर पत्रकही काढलं. ते का काढलं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गोवा पोर्तुगालमागून ओढला गेला: ब्रिटनच्या सांगण्यावरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं जप्त केली आणि मार्च १९१६ मध्ये जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारलं.

मराठी घरांपर्यंत मात्र हे युद्ध पोचलं ते तुर्कस्तानच्या वाटेने. ब्रिटिश गोद्यांत तुर्कस्तानसाठी दोन युद्धनौका बांधल्या जात होत्या; त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने त्या ताब्यात घेतल्या. त्याच सुमारास जर्मनीने आपल्या दोन नौका तुर्कस्तानला ‘विकल्या’, खलाशांसकट. ऑक्टोबरअखेर त्यांनी रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात आलं. इराणमधल्या अबादानच्या तेलाचं रक्षण करायला नोव्हेंबरात हिंदुस्थानातून जी फौज इराकच्या किनाऱ्यावर उतरली, ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून इराकमधल्या कूट या गावी तिला तुर्कांचा वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली, आणि कैदेतल्या वाटचालीत त्यांतले हजारो परतले नाहीत.

व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला, साराजेव्होनंतर बरोबर पाच वर्षांनी. त्यावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या आहेत भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या.